हिलरीनची सगळ्यात अवघड पाहुणी

हिलरीन माणसाला पाण्यात नेते तेव्हा त्याचा हात धरत नाही, मनगट धरते. हात दिला की घाबरलेला माणूस तो सोडत नाही आणि स्वतःबरोबर आपल्यालाही खाली ओढतो, असं तिचं म्हणणं. मनगट मात्र आपल्या मुठीत राहतं आणि नाडीही कळते.

"तोंडानं सगळे 'मस्त, मस्त' म्हणतात, नेनेन," ती मला सांगते. "पण नाडी पळायला लागली की मी जागीच थांबते. वर आभाळाकडे बघायला लावते. मग पुन्हा खाली."

मी तिची नेनेन, म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला कडेवर घेऊन मीच उभी होते. त्या दिवशी तिने असा काही सूर लावला की पाद्रीबाबांचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. मी तेव्हा आमच्या बेटाच्या राजधानीतल्या, रोझोच्या नाटकमंडळीत कामं करत होते आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यासाठी रोज घसा ताणत होते. त्या तान्ह्या पोरीचा मला हेवा वाटला होता, हे आज लिहायला हरकत नाही.

मंडळी मोडली, मग मी काही वर्षं जहाजांवर गायले, आणि आता आन्स मोरोच्या किनाऱ्यावर जंगली बदामाखाली खुर्ची टाकून बसते. मोठी जहाजं रोझोला लागतात. तिथून गाड्या भरून माणसं आमच्याकडे येतात, दोन घटका डुंबतात, खातात आणि भोंगा व्हायच्या आत परत जातात. आमची वाळू काळी, गोट्यांची. पायाला टोचते म्हणून ती कुरकुरतात. पण थोडं आत गेलं की समुद्राच्या तळातून कोमट बुडबुड्यांच्या माळा वर येतात आणि त्यांच्यामधून पोवळ्यांचे खडक दिसतात. तिथे स्नॉर्केलिंग करायला माणसं लांबून येतात, आणि त्यांना पाण्यात नेणारी आमची हिलरीन.

अंगाने दणकट, उन्हाने तांबूस झालेल्या जटा, आणि आवाज इतका मऊ की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. मी तिला एकदा विचारलं, "अगं, बाप्तिस्म्याचा तो आवाज कुठं गेला?" तर म्हणाली, "घाबरलेल्या माणसाशी ओरडून बोललं तर तो आणखी घाबरतो."

एकदा एक मिशाळ गृहस्थ आले. देहाने डोंगर, पण गुडघाभर पाण्यातून पुढे पाऊल टाकेनात. त्यांच्या मिशीमुळे काचेच्या मुखवट्यात सारखं पाणी शिरायचं. हिलरीनने व्हॅसलीनची डबी पुढे केली. "साहेब, मिशीला लावा, नाहीतर मिशी काढा. तिसरा मार्ग नाही." ते इतके हसले की भीती विसरले. बाहेर आले तेव्हा बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. काय पाहिलं ते त्यांना सांगताच येईना. हिलरीन शेजारी उभी राहून मुखवटे धूत होती. तिला असल्या रडण्याची सवय आहे.

अशा किती परक्या माणसांना तिने आमच्या समुद्राचं पोट उघडून दाखवलं. आणि तिची स्वतःची आई, मा झेफिरीन, हाकेच्या अंतरावर समुद्राकडे पाठ करून बेक, म्हणजे कणकेच्या जाड फुगीर पुऱ्या, तळत बसायची.

पाठ करून म्हणजे अगदी खरोखरच. तिची चूल, कढई, बसायचा ओंडका, सगळं अशा बेताने मांडलेलं की तोंड डोंगराकडे. गिऱ्हाईक यायचं पाण्याकडून. ही मान न वळवता हात मागे करायची, पैसे घ्यायची आणि गरम बेकमध्ये खारवलेला मासा भरून तसाच मागे द्यायची. परदेशी लोकांना ही इथली रीत वाटायची. काहीजण त्याचे फोटो काढायचे.

रीत कसली, अबोला होता तो. झेफिरीनचा नवरा अनातोल एका चांगल्या, शांत पहाटे होडी घेऊन खाडीबाहेर गेला आणि आलाच नाही. होडी नाही, फळी नाही, टोपीसुद्धा नाही. आम्ही तिच्या घरी शोकाच्या नऊ रात्री जागून गाणी म्हटली, कॉफी प्यालो, रम प्यालो, प्रार्थना केल्या. नवव्या रात्रीनंतर तिने समुद्राकडची खिडकी फळ्या ठोकून बंद केली. मृतांच्या सणाला सगळे आपापल्या थडग्यावर मेणबत्त्या लावतात. थडगं नाही तो वाळूत लावतो. झेफिरीनने लावली ती मागच्या दारी, केळीच्या बुंध्याशी.

"अगं, वाळूत लाव ना. त्याला दिसेल तरी," मी म्हटलं होतं.

"त्या समोरच्यानं माझं माणूस नेलं, ऑक्टेव्हिया, आणि परत द्यायची तसदीसुद्धा घेतली नाही," ती म्हणाली. "त्याच्या दारात मी दिवा लावू? माझं त्याच्याशी बोलणं नाही."

समुद्राबद्दल ती असंच बोलायची. जणू तो पलीकडच्या घरात राहणारा कुणी भांडखोर शेजारी.

हिलरीन तेव्हा लहान होती. तिला पाण्यापासून लांब ठेवायचं म्हणून झेफिरीनने काय नाही केलं! संध्याकाळी पोरगी घरात शिरली की तिला ओढून जवळ घ्यायची आणि तिचं कोपर चाटून बघायची. खारट लागलं की चप्पल. पोरगी वाटेतल्या झऱ्यावर कोपरं धुऊन यायला लागली, तर आई कानामागे चाटायला लागली. पण ज्याला पाणी ओढतं त्याला ते ओढतंच. हिलरीन मोठी झाली, पोहण्यात पटाईत झाली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मी पाहुण्यांना पाण्यात नेण्याचं काम घेतलंय. झेफिरीनने ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस तिच्याशीही अबोला धरला.

ईस्टर झाल्यावर मात्र ती कढई उचलून किनाऱ्यावर आली. रोझोच्या बाजारातला मासळीचा ठेला तिने सोडून दिला. "इथं धंदा बरा होतो," एवढंच सांगितलं. पण मी रंगभूमीवर आयुष्य काढलंय. पाठमोरं माणूस काय करतंय ते मला कळतं. हिलरीन पाण्यात असली की झेफिरीनचा झारा हळू चालायचा. मागून हिलरीनचं हसणं ऐकू आलं की पुन्हा भरभर. ती पाठीने ऐकत बसायची.

मग तिचे डोळे बिघडले. ते कळलं तेही आमच्याच पद्धतीने. एके दिवशी ती रस्त्यात क्लॅरियसच्या शेजारून 'बोंझू' असा नमस्कार न करता पुढे निघून गेली. क्लॅरियस किनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने देतो आणि बाकी वेळ सगळ्यांच्या खोड्या काढतो. तो माझ्याकडे तणतणत आला. "झेफिरीनला काय राणीचं पद मिळालंय का? मी काय रस्त्यावरचा धोंडा आहे? कोंबडीसुद्धा मला बघून मान हलवते!"

आमच्याकडे माणूस शिवी देऊन गेला तर लोक विसरतात, पण बोंझू न म्हणता गेला तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. आणि झेफिरीन तर रिकाम्या चर्चमध्ये शिरतानाही संतांच्या मूर्तींना एकेक करून बोंझू म्हणणारी. मी समजले, काहीतरी गडबड आहे. हिलरीन तिला रोझोला डॉक्टरकडे घेऊन गेली. काचबिंदू निघाला. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंच होतं, मधलं तेवढं उरलं होतं. थेंब घालून जितकं टिकेल तितकं.

त्या संध्याकाळी हिलरीन माझ्या पायरीवर येऊन बसली. जटांची टोकं पिळायला लागली.

"नेनेन, ती अंधारात बसली की काय बघेल?"

"म्हणजे?"

"डोळे गेल्यावर माणसाला आधी बघितलेलंच दिसत राहतं ना? तिनं समुद्र बघितलाय तो एकच. बाबाला गिळलेला. तिला वाटतं, मी रोज त्याच्या जबड्यात जाते आणि कशीबशी परत येते. खाली खरं काय आहे ते तिला ठाऊकच नाही." तिचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. "डोळे आहेत तोवर तिनं एकदा बघायला हवं. एकदाच. नाहीतर राहिलेलं सगळं आयुष्य ती तेच बघत बसेल."

"विचारलंस तिला?"

"विचारलं. म्हणाली, बघायचं झालं तर डोंगर आहे."

त्यानंतरही हिलरीन विचारत राहिली आणि झेफिरीन नाही म्हणत राहिली. कधी गुडघे दुखतायत, कधी कणीक भिजवून ठेवलीय, कधी नुसताच झारा कढईवर आपटायचा. दरम्यान बेकची एक कड रोज थोडी जास्त जळायला लागली.

मग तो दिवस आला. सकाळपासून सगळी तयारी होती. झेफिरीनची कणीक फुगून टोपाबाहेर आली होती, मी अंबाडीच्या बोंडांचं लाल सरबत करून ठेवलं होतं, क्लॅरियसने खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. हिलरीनचे मुखवटे आणि नळ्या धुऊन दोरीवर लटकत होत्या. समुद्र असा सपाट पडला होता, जणू कुणी इस्त्री फिरवलीय. आणि निरोप आला की जहाज येत नाही. कुणी प्रवासी अचानक आजारी पडला म्हणून ते रात्रीच सरळ शेजारच्या मार्टिनीक बेटाकडे गेलं होतं.

"छान!" क्लॅरियस म्हणाला. त्याने स्वतःच्याच खुर्चीत अंग टाकलं आणि पाय लांब केले. "आज मी प्रवासी. ए बाई, दोन बेक आण, आणि हसून आण. मी फार लांबून आलोय."

"कुठून?" झेफिरीनने विचारलं.

"रस्त्याच्या पलीकडून."

सगळे हसले. तळलेलं वाया जायला नको म्हणून आम्ही खात बसलो. हिलरीनने मात्र काही खाल्लं नाही. दोरीवरचा एक मुखवटा काढून ती आईसमोर जाऊन उकिडवी बसली, अगदी चुलीच्या पलीकडे, जिथे आईला ती दिसेल अशी.

"मा, आज मला पाहुणा नाही. मनगट धरायला कुणी नाही."

"क्लॅरियसचं धर."

"माझी नाडी दुपारनंतर सुरू होते," क्लॅरियस म्हणाला.

हिलरीनने तिकडे पाहिलंही नाही. "मा, तुझ्या पाठीमागं जे आहे ना, ते मला तुला दाखवायचंय. मी सांगून नाही कळणार. आणि पुढं दाखवताही येणार नाही."

झेफिरीनने कढईतला शेवटचा बेक काढला. डोळ्यांच्या अगदी समोर धरून पाहिला, मग हळूहळू फिरवला. एक बाजू कोळसा झाली होती. ती बाजू समोर येईपर्यंत तिला दिसलीच नव्हती. तिने तो खाली ठेवला.

"पाणी गार आहे का?"

हिलरीनने मुखवटा पुढे केला. "बुडबुड्यांपाशी कोमट असतं."

"डोक्याचं फडकं मी काढणार नाही."

"नको काढूस."

"आणि तुम्ही कुणी हसायचं नाही."

अशी आमची झेफिरीन उठली. अंगात सुती झगा, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, डोक्याला मद्रासी चौकड्यांचं फडकं. फडक्यावरून मुखवट्याचा पट्टा घसरायचा, म्हणून हिलरीनने पट्टा फडक्याच्या गाठीखालून ओवला. पायात रबरी पाती घालायला झेफिरीनने साफ नकार दिला. "मी बदक नाही." दुसऱ्या कुणाच्याही उंबऱ्यावर ती मोठ्याने बोंझू म्हणाली असती. या उंबऱ्यावर तिने ओठ गच्च आवळले आणि एक शब्द न बोलता पाय घातला.

मी काठावर उभी राहिले. आयुष्यभर पडद्याच्या त्या बाजूला असायची सवय. नुसतं बघत राहणं किती जड असतं ते मला त्या दिवशी कळलं.

पाणी छातीपर्यंत आल्यावर हिलरीनने तिला रबरी रिंगवर आडवं घेतलं, नळी दातांत नीट धरायला लावली, तिचा एक हात रिंगवर ठेवला आणि दुसरं मनगट आपल्या मुठीत घेतलं. झेफिरीनने चेहरा पाण्यात घातला. एक श्वास. दुसरा श्वास. आणि एकदम खळबळ उडाली. ठसका, खोकला, हातपाय. झेफिरीनचा हात हिलरीनच्या गालावर फाडकन बसला.

"बाहेर! मला बाहेर काढ! त्यानं माझ्या तोंडात हात घातला! मी सांगत नव्हते?"

"मा, वर बघ. आभाळाकडे बघ. पाणी तोंडात गेलं कसं? नळी सोडलीस?"

"मग काय करू?" झेफिरीन खोकत ओरडली. "खाली एवढी मंडळी! सगळी तोंड वर करून माझ्याकडे बघतायत! आणि मी तोंडात दांडकं धरून मुकाट्यानं त्यांच्या अंगणातून जाऊ? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही!"

बोंझू म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. क्लॅरियस खुर्चीतून खाली वाळूत बसला आणि तोंडात टोपी कोंबून हसायला लागला. हिलरीन हसली नाही. गालावर पाचही बोटं उठलेली, पण मनगट सोडलेलं नव्हतं.

"कुणाला म्हणालीस, मा? समुद्राला?"

"त्याला नाही! माशांना. त्यांनी माझं काय बिघडवलंय?" मग जरा थांबून, "उलट मीच त्यांना जन्मभर विकलं."

"मग नळीतूनच म्हण. दात सोडायचे नाहीत. ओठ मिटून, घशातून. त्यांना पोचतं."

"मिटल्या तोंडानं कसं म्हणतात?"

आता मात्र मला राहवलं नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज काढून मी काठावरून ओरडले, "गुणगुण, झेफिरीन! बाळाला झोपवताना गुणगुणायचीस तशी!"

ती आभाळाकडे बघत राहिली. ती उलट वळणार की काय, या भीतीने मी बोटं मोडत होते. मग तिने स्वतःच नळी तोंडात घातली आणि चेहरा खाली केला.

थोड्या वेळाने नळीच्या टोकातून आवाज आला. "हूं-हूंऽ." मग पुन्हा, "हूं-हूंऽ." प्रत्येक मासळीला वेगळा. एखाद्याला तुटक, एखाद्याला लांबलचक, नातेवाईक भेटल्यासारखा. एका जागी तर एका दमात कितीतरी, एखादी आळीच भेटली असावी. रिंग हळूहळू पुढे सरकत होती, मद्रासी फडकं पाण्यावर फुलासारखं तरंगत होतं, आणि किनाऱ्यावर आम्ही सगळे तो विचित्र भोंगा ऐकत होतो. क्लॅरियसने टोपी तोंडातून काढून डोक्यावर घातली, मग पुन्हा काढून हातात धरली, चर्चमध्ये धरतात तशी.

तिने काय पाहिलं ते तिने मला नंतर सांगितलं. मुखवटा घातला की कुणालाही बाजूचं दिसत नाही, फक्त समोरचं. आणि ते पाण्यात काचेतून जरा मोठं, जरा जवळ दिसतं. म्हणजे तिथे खाली ती आमच्यासारखीच होती, किंवा आम्ही तिच्यासारखे. पोपटमासा पोवळं कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाजसुद्धा तिला ऐकू आला. बाजारात तिने हजारदा खवलं काढलेली तांबोशी तिच्या नाकासमोरून गेली. "ऑक्टेव्हिया, किती लाल असते गं ती! मी जी विकत होते ती विटलेली म्हणायची. लोकांनी मला कसं काय माफ केलं?"

मग एकाएकी आवाज थांबला.

रिंग खडकाच्या कडेला पोचली होती. तिथून पुढे तळ एकदम खाली जातो. पाहुण्यांना हिलरीन तिथून परत फिरवते. आता ती फिरवेना. झेफिरीनचं तोंड पाण्यात, नळी वर, पण हूं नाही की चूं नाही. मी चपला न काढताच गुडघाभर पाण्यात गेले. "हिलरीन!" मी हाक मारली. हिलरीनने मागे न बघता मोकळा हात वर केला, थांब म्हणून. दुसऱ्या हातातल्या नाडीने तिला जे सांगायचं ते सांगितलं असणार.

किती वेळ गेला कोण जाणे. मग नळीतून एक आवाज आला, खालचा, लांब, आणि हळू. माशांना म्हटलेल्यासारखा नव्हता. तो संपला तसं हिलरीनने रिंग वळवली.

काठावर आणून आम्ही तिला खुर्चीत बसवलं, टॉवेल गुंडाळला. मुखवट्याची कड चेहऱ्यावर गोल उमटली होती. हिलरीन तिच्या पायाशी बसली. विचारायची तिची हिंमत होत नव्हती, म्हणून मी विचारलं.

"तिथं काय दिसलं गं, कडेला?"

"काही नाही," झेफिरीन म्हणाली. "खाली काहीच दिसत नाही. नुसतं निळं." तिने कोकोचा गरम चहा दोन्ही हातांत धरला. "निळं आहे, ऑक्टेव्हिया. मला वाटायचं, अनातोल काळ्यात गेला. इतकी वर्षं मी त्याला काळ्यातच बघत होते." मग हात पुढे करून, जरा चाचपडत, तिने हिलरीनचा गाल शोधला, तोच, बोटं उठलेला. "लागलं का गं फार?"

"नाही, मा."

"खोटारडी. उद्या जहाज आहे?"

"आहे."

"मग परवा जाऊ."

त्यानंतर ती कितीदा तरी गेली, डोळ्यांनी साथ दिली तोवर. तळण अजून डोंगराकडे तोंड करूनच चालतं. उन्हाची तिरीप डोळ्यांना सोसत नाही, असं ती म्हणते. आता तिला उजेड आणि सावली एवढंच कळतं. कणीक बोटांनी जोखते आणि बेक वासावरून काढते. क्लॅरियस लांबूनच ओरडून तिला बोंझू म्हणतो आणि नाव सांगतो, जणू त्याचा आवाज कुणाला ओळखू येणार नाही.

परवा जहाज मोठं होतं. हिलरीन संध्याकाळी दमून आली. जटा पिळून ती आईशेजारी वाळूत बसली, तर झेफिरीनने विचारलं, "खाली काय काय होतं आज?"

"विशेष काही नाही, मा."

"विशेष नकोय मला," झेफिरीन म्हणाली आणि ओंडका तिच्याजवळ सरकवला. "होतं ते सांग. काठापासून सुरू कर."